पाळणा पडला

१

शर्ट जवळजवळ स्वच्छ होता आणि बनियन वाळल्या रक्तानं पापडासारखा कडक झाला होता.

सोनल मगदूम वकिलांनी दोन्ही कपडे फरशीवर शेजारी शेजारी अंथरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. नजीरानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. दवाखान्यातून मिळालेली ती प्लॅस्टिकची पिशवी तीन महिने माळ्यावर पडून होती. तिला ती टाकवत नव्हती आणि उघडवतही नव्हती.

"नजीरा, इकडं बघ. हा शर्ट रफिकभाई सकाळी घालून गेलते?"

"व्हय. पण कामावर गेलं की शर्ट खुंटीला. आत सगळी बनियनवरच असायची. सुटल्यावर आंघोळ करायची, मग शर्ट घालून घरला."

"दवाखान्यात आणलं तेव्हा हात कसे होते?"

"काळंकुट्ट. नखांत, कानांत, केसांत सगळी साच्याची काळी वाळू. सिस्टर म्हणाली, तुझा नवरा कोळशाच्या खाणीत हाय काय."

"म्हणजे आंघोळ झाली नव्हती. आणि शर्ट मात्र अंगात होता." सोनलताईंनी शर्ट उलटा केला. दवाखान्यात तो पाठीमागून कात्रीनं कापून काढला होता, त्यामुळं पुढची बटणं अजून लावलेलीच होती. प्रत्येक बटण एकेक काज चुकून लागलेलं. "माणूस गाडीवरून पडून डोकं फुटलं, तर रक्त आधी कशाला लागेल?"

"शर्टाला."

"आणि शर्टातून बनियनला. इथं बनियन भिजलाय आणि शर्टाला फक्त आतून एक पुसट डाग. नजीरा, डोकं फुटलं तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या अंगात शर्ट नव्हताच. नंतर तो दुसऱ्याच कुणीतरी घातला. घाईघाईनं."

नजीरानं तो शर्ट हातात घेतला. ती खाली बसली.

रफिक जमादार शिरोली एमआयडीसीतल्या, लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत साचे भरायच्या कामावर होता. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी तो सर्व्हिस रोडच्या कडेला, आपल्या आडव्या पडलेल्या मोटारसायकलीजवळ सापडला. गाडी घसरली, अशी पोलिसांत नोंद झाली. डॉक्टरांनी कवटी उघडून मेंदूवर साकळलेलं रक्त काढलं. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार विस्कटून गेलं. कारखान्यात मार लागला असता तर कायद्यानं भरपाई मिळाली असती; औषधं, व्यायाम, पुढचं सगळं आयुष्य त्यावर अवलंबून होतं. कंपनीचं म्हणणं एकच होतं. काम संपवून माणूस आपल्या पायांनी बाहेर गेला, पुढं रस्त्यावर काय झालं त्याला आम्ही काय करणार? शेजारणीच्या सांगण्यावरून नजीरा सोनलताईंकडं गेली, तेव्हा दोन वकिलांनी तिला आधीच हात जोडले होते.

"पिशवीत आणखी काय आहे?"

"एक फडकं हाय. डोक्याला गुंडाळलेलं. पर ते आमचं न्हवं." नजीरानं ते बाहेर काढलं. जाड, पांढरं, दुपदरी सुती कापड होतं. कडेनं बारीक हातशिलाई, एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा छोटा फास. मधोमध तपकिरी झालेला मोठा डाग.

सोनलताईंनी तो लाल फास बोटावर घेऊन निरखून पाहिला. मग कापडाची घडी घालून त्यांनी ती आपल्या पिशवीत ठेवली.

"काय झालं ताई?"

उत्तर यायच्या आधीच आतल्या खोलीतून रफिकचा आवाज आला. घोगरा, घाबरलेला.

"पाळणा... पाळणा पडला!"

२

हे वाक्य रोजचंच होतं. शुद्धीवर आल्यापासून रफिक हेच म्हणत होता. गल्लीतल्या बायका हळहळायच्या, भ्रम झाला म्हणायच्या. कंपनीच्या वकिलानं तर ते कोर्टात सांगून टाकलं होतं: ज्याला घरात नसलेला पाळणा पडताना दिसतो, त्याच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा?

सोनलताई कॉटजवळ स्टूल ओढून बसल्या. रफिकनं त्यांच्याकडं बघून मान हलवली. त्याला समजत सगळं होतं, पण सांगायला गेलं की जिभेवर भलतंच यायचं.

ताईंनी कोनाड्यातला कंगवा उचलून दाखवला. "हे काय?"

रफिक कष्टानं म्हणाला, "आरसा."

किल्ली दाखवली. "कुलूप." कप दाखवला. "बशी." दारातून लेक अर्शी डोकावली तशी ताईंनी विचारलं, ही कोण? रफिकचा चेहरा उजळला. "नसीमा."

"नसीमा ह्यांची भैण," नजीरा ओशाळून म्हणाली. "लेकीचं नाव आठवत न्हाई बघा. पोरगी रडती."

"तुम्ही त्याला चुकीचं म्हणता," सोनलताई हळूच म्हणाल्या, "पण तो चुकतोय कुठं? कंगव्याला त्यानं म्हैस म्हटलं नाही, विमान म्हटलं नाही. आरसा म्हटलं. किल्लीच्या शेजारचं कुलूप, कपाच्या शेजारची बशी, लेकीच्या शेजारची बहीण. डॉक्टरांनी मला सांगितलंय, मेंदूला मार लागला की असं होतं. शब्दाचं घर तेच असतं, दार शेजारचं उघडतं."

नजीरानं नवऱ्याकडं पाहिलं. तीन महिन्यांत त्याच्या बोलण्यात अर्थ आहे असं तिला सांगणारं हे पहिलं माणूस. तिचे डोळे भरून आले.

"मग पाळण्याच्या शेजारी काय असतं, नजीरा?"

"बाळ? दुपटं? अंगाई?" नजीरा आठवत राहिली. एकही शब्द फौंड्रीत बसेना.

"राहू दे. आपण दोघी तिथंच जाऊन बघू." सोनलताई उठल्या. नजीरानं त्यांना दारात अडवलं.

"ताई, भरपाई मिळंल न मिळंल. माझं एक काम करा. ह्यांना दवाखान्यात ज्या बाईनं आणलं, ती मला शोधून द्या. वयस्कर हुती म्हणं. ड्रायव्हरला हात लावायला सांगून गाडीतनं उतरवलं, वाचवा म्हणाली, सुरवातीचं पैसं सोत्ता भरलं नि नाव न सांगता गेली. थोडा उशीर झाला असता तर गेलंच हुतं हे. रोज नमाजात तिच्यासाठी दुवा मागती मी, पर तिचं नाव म्हाईत न्हाई."

सोनलताईंनी पिशवीवर हात ठेवला. "भलं काम करणाऱ्याला लपायचं काय कारण, नजीरा? ती लपली, म्हणजे तिला दुसऱ्या कुणाला तरी लपवायचं असणार. तुझी दोन कामं नाहीत बहुतेक. एकच आहे."

३

फौंड्रीचे मालक वृषभ यांनी दोघींना अडवलं नाही. तिशीतला इंजिनिअर, बोलायला अदबशीर. वडील गेल्यावर कारखाना त्यांच्या अंगावर पडला होता. "या, बघा. लपवण्यासारखं आमच्याकडं काही नाही," असं म्हणून ते स्वतः आत घेऊन गेले.

सोनलताईंची एक खोड होती. कुणालाही भेटल्या की त्या आधी एकच प्रश्न विचारायच्या: त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं? माणूस बाकी काहीही घोकून येतो, जेवण घोकून येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"त्या दिवशी?" वृषभ कसनुसं हसले. "पुण्याला प्रदर्शन होतं. कांदा-लसूण नसलेलं कुठं मिळतंय ते हुडकत फिरलो आणि शेवटी केळी खाऊन झोपलो. सकाळी फोन आला, रफिक रस्त्यात पडला म्हणून."

माणसं पुरवणारा ठेकेदार राजवीर साच्यांच्या खात्यातच उभा होता. आडवा देह, मोठा आवाज. "मॅडम, मी सोत्ता गेटवर हुतो. रफिक सुटल्यावर आंघोळ करून, भांग पाडून, मला सलाम घालून गाडीला किक मारून गेला. आता पुढं त्याच्या नशिबात हुतं त्येला कोण काय करणार?"

"आणि तुम्ही काय खाल्लं होतं त्या दिवशी?"

"मी?" राजवीर गडबडला. "आता तीन म्हैन्यांमागचं कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय मॅडम!"

अबुजर कोपऱ्यात वाळू चाळत होता. हा रफिकचा चुलतभाऊ. रफिकनंच त्याला इथं चिकटवलं होतं. नजीराला बघून त्यानं मान खाली घातली. दर शुक्रवारी केळी घेऊन घरी येणारा हाच दीर इथं मात्र तिच्या नजरेला नजर देईना.

"मला काय म्हाईत न्हाय, मॅडम. मला ताप हुता. दुपारी जेवायच्या सुट्टीतच मी घरला गेलतो."

"बरं. खाल्लं काय होतं?"

"भाभीनं शिरा पाठवलाता की," अबुजर पटकन म्हणाला. "चहाबरोबर सगळ्यांनी खाल्ला."

नजीरानं एकदम त्याच्याकडं पाहिलं. त्या दिवशी अर्शीचा कुराणाचा पहिला सिपारा वाचून पुरा झाला होता, म्हणून तिनं डबाभर शिरा केला होता. आणि रफिकला बजावून सांगितलं होतं, जेवणात काढू नका, चारच्या चहाला सगळ्यांना वाटा. ती बोलायला तोंड उघडणार, तोच सोनलताईंनी तिचं मनगट दाबलं.

"वर बघ," त्या कुजबुजल्या.

सगळं खातं काळं होतं. भिंती काळ्या, पत्रे काळे, माणसं काळी. छपराच्या लोखंडी तुळईला वाळूनं भरलेल्या जड पेट्या उचलायची चेन कप्पी टांगलेली होती. कप्पी जुनी, गंजलेली. तिच्यातून खाली आलेली साखळी मात्र कोरी करकरीत, तेलानं चमकणारी.

नजीरा बघतच राहिली. मलकापूरला माहेरी अर्शीचा पाळणा असाच आढ्याला टांगलेला असायचा. लोखंडी आकडा, लोखंडी साखळी. रफिक सासरवाडीला आला की ती साखळी ओढून ओढून तपासायचा.

"ताई," तिनं सोनलताईंचं कोपर धरलं. "पाळण्याच्या शेजारी साखळी असती."

बाहेर पडताना वृषभनी त्यांना कचेरीत बसवलं आणि पाणी मागवलं. सोनलताईंचं लक्ष कोपऱ्यातल्या तिवईकडं गेलं. तिच्यावर पितळेची लहान कळशी, कळशीच्या तोंडावर पांढरं कापड.

"ते आईचं," वृषभ म्हणाले. "बाहुबलीला दर्शनाला गेली की येताना इथं टेकते. बाहेरचं पाणी पीत नाही, गाडीतसुद्धा स्वतःचं गाळून ठेवलेलं असतं."

सोनलताईंनी त्या कापडाचा कोपरा उचलला. कडेनं बारीक हातशिलाई होती. आणि एका टोकाला लाल दोऱ्याचा फास.

४

त्याच शुक्रवारी अबुजर केळी घेऊन आला आणि दारातच थबकला. आत सोनलताई बसलेल्या होत्या.

नजीरानं केळी घेतली, बाजूला ठेवली. "शिरा कसा झालता रं?"

"चांगला झालता भाभी."

"चारच्या चहाला वाटला त्यांनी. तू दुपारी घरला गेलास, मग खाल्लास कुठं?"

अबुजर उंबऱ्यावरच बसला. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग जे साठलं होतं ते बाहेर पडलं.

"चेन तुटली, भाभी. पेटी वर घेतलीती. एका बाजूची साखळी सटकन तुटली नि पेटी झोका घेऊन आली ती भाईच्या डोक्याला. साखळी झिजलीया म्हणून भाईनं राजवीरशेठला दोनदा सांगितलंतं. त्यो म्हणला, पुढच्या म्हैन्यात बघू. भाई पडल्यावर मी बोंब मारली. शेठ म्हणला, गप, दवाखान्यात नेतो. असा उघडा कसा न्यायचा म्हणून शर्ट घातला त्यानं. टेंपोत भाईला घातलं, मोटारसायकल पण घातली. मी म्हणलो गाडी कशाला? तर म्हणला, घरला पोचवायला नको व्हय? मला वाटलं, खरंच दवाखान्यात नेतोय."

"आणि दुसऱ्या दिवशी कळलं, रस्त्यावर सापडला म्हणून," सोनलताई म्हणाल्या.

"व्हय. मी इचारलं तर कॉलर धरली. म्हणला, तोंड उघडलंस तर शिरोलीत कुठंच काम मिळू देणार न्हाय. माझी म्हातारी हाय, दोन पोरं हायत, भाभी. भ्यालो मी."

नजीराच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. तीन महिने हा माणूस तिच्या घरचा चहा पिऊन, भावाच्या पायाशी बसून गेला होता. पण आतल्या खोलीतून रफिकनं "पाळणा" अशी हाक मारली आणि अबुजर उठून धावला, कॉटशी गुडघ्यांवर बसला. "व्हय भाई. साखळी. साखळी तुटली. खरं हाय तुझं."

रफिकनं त्याच्याकडं पाहिलं. मग डावा हात वर करून त्यानं अबुजरचे केस घट्ट पकडले आणि हमसाहमशी रडू लागला. त्याच्या रडण्यात राग नव्हता. त्याचं बोलणं शेवटी कुणालातरी पोचलं होतं. नजीराच्या शिव्या तिथंच विरल्या.

"हा साक्ष देईल," ती बाहेर येऊन म्हणाली. "झालं की मग, ताई!"

सोनलताईंनी मान हलवली. "तो नव्हताच म्हणून आधीच त्यांना सांगून बसलाय. त्यात सख्खा चुलतभाऊ. दुसऱ्या बाजूचा वकील त्याला पाच मिनिटांत उभा फाडेल. टेंपोतून रफिकला रस्त्यावर टाकताना पाहिलेलं, ज्याला यातून काही मिळवायचं नाही, असं माणूस हवं."

"तसं कोण हाय?"

"आहे. पण ती बोलेल का नाही, ते मला माहीत नाही. ती नाही म्हणाली तर आपल्या हातात एक शर्ट आणि एक फडकं उरतं. रविवारी सकाळी तयार राहा."

५

शाहूपुरीतल्या त्या बंगल्यात रविवारी सकाळी पाच माणसं बसली होती. वृषभ, त्यांच्या आई प्रभावती, सोनलताईंनी मुद्दाम बोलवायला लावलेला राजवीर, आणि समोरच्या कोचावर सोनलताई व नजीरा. प्रभावती सत्तरीच्या घरातल्या, बारीक अंगाच्या. फौंड्रीतली माणसं त्यांना आक्का म्हणायची. त्यांच्या हातात जपमाळ होती, पण मणी पुढं सरकत नव्हते.

सोनलताईंनी आधी शर्टाची गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, "राजवीर, तुम्ही रफिकला आंघोळ करून, भांग पाडून जाताना पाहिलंत. दवाखान्यात त्याच्या कानांतून वाळू काढायला लागली. शिवाय गंमत बघा, स्वतः काय जेवलात ते तुम्हाला आठवत नाही, पण दुसऱ्याचा भांग आठवतो. जे पाहिलेलं असतं ते अर्धवट आठवतं. जे रचलेलं असतं ते पूर्ण आठवतं."

राजवीर हसला. "मॅडम, ही कथा झाली."

"कथा रफिकनं पहिल्या दिवसापासून सांगितलीय. ऐकायला आम्हाला उशीर झाला." त्यांनी कंगव्याची, किल्लीची, पाळण्याची हकिगत सांगितली. "कप्पी जुनी आणि साखळी नवी, हे वृषभ, तुम्हीही पाहू शकाल. कधी बदलली ते आठवून बघा."

वृषभचा चेहरा उतरला. "मी पुण्याहून आलो त्याच आठवड्यात. राजवीर म्हणाला, सहज बदलून घेतली."

"रफिक काम करताना तुमच्या छपराखाली पडला. माणूस ठेकेदाराचा असला तरी कायदा तुम्हाला सोडत नाही. पण त्याला रस्त्यावर नेऊन टाकलं ते तुमच्या सांगण्यावरून की राजवीरनं आपल्या डोक्यानं, हे मला इथं आल्याशिवाय ठरवता येईना." सोनलताईंनी पिशवीतून कापड काढून टीपॉयवर ठेवलं. तपकिरी डाग वर आला. "हे रफिकच्या डोक्याला बांधलेलं होतं. माझी आजी असंच कापड शिवायची. पाणी गाळायचं, दुपदरी, वाळत घालायला कोपऱ्यात फास. आमच्या जैनांच्या घराघरांत असतं. पण प्रत्येक घरची बाई फास आपल्या हातानं, आपल्या रंगाच्या दोऱ्यानं घालते. हा लाल दोरा मी तुमच्या कचेरीतल्या कळशीवर पाहिला."



"असली फडकी चिक्कार घरांत असत्यात," राजवीर म्हणाला. "लाल दोरा काय एकट्या आक्कांनीच इकत घेतला काय?"

"खरं आहे," सोनलताई शांतपणे म्हणाल्या. "ते कापड आक्कांचं नसेल, तर त्यांनी फक्त नाही म्हणावं. मी उठून जाते."

सगळ्यांनी प्रभावतींकडं पाहिलं. त्या मुलाकडं बघत होत्या. 

तेव्हा नजीरा उठली.

६

सोनलताईंनी तिला बोलायला सांगितलं नव्हतं. ती प्रभावतींच्या समोर जाऊन खाली बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"आक्का, मी भांडायला आली न्हाई. तुमचं नाव मला म्हाईत नव्हतं, तरी रोज तुमच्यासाठी दुवा मागती. डॉक्टर म्हणलं, आणणाऱ्यानं डोकं घट्ट बांधलं नसतं तर येईपर्यंत संपलं असतं. माझी लेक आज बाप म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडती ती तुमच्यामुळं. तुम्ही कोर्टात या, नाहीतर नगा येऊ. हे तेवढं तुम्हाला सांगायचं हुतं."

प्रभावतींनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "नगं. माझं आभार नगं मानूस बाई. मला ते पेलत न्हाईत." आणि मग त्या एकाएकी सरळ बसल्या. "कापड माझंच हाय. बाहुबलीहून येतोतो आम्ही. सर्व्हिस रोडला आपला टेंपो उभा. दोघांनी कुणाला तरी खाली ठेवलं, गाडी ढकलून दिली नि टेंपो निघून गेला. ह्यो राजवीर पुढं बसलाता. मी बघितलं. आण्णा ड्रायव्हरनं पण बघितलं."

"आक्का, तुमची नजर आता..." राजवीर उठला.

"खाली बस!" त्या बारक्या देहातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. राजवीर बसला.

"आई," वृषभ कसेबसे म्हणाले, "तीन महिने तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, तूच सांगितलंस त्याला. तू पुण्याला हुतास, पर फोन तर हुता की तुझ्याजवळ! आण्णाला नेसरीला त्याच्या गावी लावून दिलं मी, कुठं बोलू नगं म्हणून. रोज देवापुढं बसायची नि वाटायचं, माझ्या पोटच्या पोरानं जित्या माणसाला रस्त्यावर टाकलं. ते कुणाला कळू नये म्हणून गप ऱ्हायली."

"मी नाही सांगितलं, आई." वृषभच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला रफिक पडला एवढंच माहीत होतं. साखळी नवी दिसली तेव्हा मनात आलं होतं. विचारलं नाही. विचारायला घाबरलो, एवढं खरं."

प्रभावती लेकाकडं बघत राहिल्या. ज्याच्यासाठी त्या गप्प राहिल्या होत्या, त्यानं ते केलंच नव्हतं. त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली आणि सोनलताईंना म्हणाल्या, "पोरी, कोर्ट कुठल्या दिवशी हाय ते सांग. मी येती."

आणि त्या आल्या. काठापदराची पांढरी साडी नेसून, नेसरीहून परत बोलावलेल्या आण्णाला बरोबर घेऊन, त्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं; आपण गप्प राहिलो तेही सांगितलं, कुणी विचारायच्या आत. त्यांच्यामागून अबुजर उभा राहिला, आणि आता त्याचं बोलणं कुणाला फाडता आलं नाही. वृषभनी वकिलाला वाद घालू दिला नाही. रफिकचा उपचार, हाताचा व्यायाम, बोलणं शिकवणाऱ्या बाई आणि घर चालायची तजवीज, असा निकाल झाला. राजवीरवर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. ते प्रकरण अजून चालू आहे.

निकालाच्या दिवशी नजीरानं सोनलताईंना मिठीच मारली. ताईंना असल्या गोष्टींची सवय नव्हती; त्या तिच्या पाठीवर थोपटत "बास बास, लोक बघतायत" म्हणत राहिल्या आणि स्वतःच चष्मा पुसत राहिल्या.

कोर्टाच्या आवारात प्रभावती गाडीपाशी थांबल्या होत्या. नजीरा जवळ गेली तसं त्यांनी विचारलं, "लवकर बोलली असती तर तुझं तीन म्हैन्यांचं हाल वाचलं असतं. माफ केलंस काय मला?"

नजीरानं पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "माफीचं मला अजून कळत न्हाई, आक्का. खोटं कशाला सांगू? पर उपकार हायत ते हायतच. ते काय त्यानं कमी होत न्हाईत. घरला या तुम्ही."

त्या आल्या. आता महिन्यातून एकदा तरी येतात. स्वतःचं पाणी घेऊन, पण नजीरानं केलेला बिनदुधाचा चहा मात्र पितात. रफिक आता काठीनं चालतो, पुष्कळसे शब्द जागेवर आले आहेत. पण प्रभावतींना त्यानं पूर्वी कामावर कधी पाहिलेलं नव्हतं, आणि नव्यानं भेटलेलं माणूस त्याच्या डोक्यात टिकत नाही. डॉक्टर म्हणतात, ते बहुधा असंच राहील. त्यामुळं प्रभावती दारात दिसल्या की तो दर वेळी विचारतो, "ह्या कोण?"

पहिल्यांदा प्रभावतींनी नजीराला डोळ्यांनी विनवलं होतं, सांगू नकोस. नजीरानं तरीही सांगितलं. आणि तेव्हापासून ती दर वेळी तेच सांगते, "ह्या आक्का. रस्त्यावर पडलासा तवा ह्यांनी तुम्हाला उचलून दवाखान्यात नेलं." उरलेलं ती सांगत नाही. ते तिच्यात आणि आक्कांत आहे.

रफिक ऐकतो. पहिल्यांदाच कळावं तसे त्याचे डोळे मोठे होतात. मग तो काठी भिंतीला टेकवतो, कष्टानं उभा राहतो आणि डावा हात कपाळाला लावून वाकतो. आणि प्रभावती, दर वेळी, उठून उभ्या राहतात आणि तो सलाम घेतात.